अक्षरामागे दोन हजार

आसुन्सिओनमध्ये, पाल्मा रस्त्याच्या मागल्या बोळात
माझं दुकान. दारांवरच्या पाट्या कोरतो मी.
पितळ. अक्षरामागे दोन हजार ग्वारानी,
स्क्रूचे वेगळे.

बापानं कोरलेली न्यायाधीश आल्देरेते यांची पाटी
एकोणीस वर्षं एकाच दारावर होती.
शिपायानं पुसून पुसून इतकी झिजली
की शेवटी नाव बोटानं वाचावं लागे.

आता पाटी काळी पडायलाही वेळ मिळत नाही.

मार्चपासून एक शब्द वाढलाय प्रत्येक नावाखाली:
इंतेरिनो. म्हणजे हंगामी.
आमच्या लिपीत आठ अक्षरं.
हंगामी माणसाला सिनेटपुढे उभं राहावं लागत नाही,
कुणी विचारत नाही
की बाबा रे, तुला येतं काय.
दर पाटीमागे सोळा हजार जास्तीचे.
खोटं कशाला बोलू,
छपराचे पत्रे मी त्यातूनच बदलले.

नदी-खात्यावर राष्ट्राध्यक्षांचे दंतवैद्य
(पूर आला की नदीला सांगतील, आ करा),
बंदरावर मेव्हण्याचा भागीदार,
आणि हिशेबतपासणीवर पुतण्या,
जो शर्यतीची घोडी पाळतो.
वशिल्याचं तट्टू म्हणतात
ते इथं खरोखरच तबेल्यातून आलं.

त्या खोलीत आधी सुनिल्दा ओकाम्पोस बसायच्या.
हुकूम निघाला रात्री सव्वाअकराला,
सामना जादा वेळेत गेला होता
आणि सगळा देश टीव्हीपुढे.
सकाळी त्यांची किल्ली कुलपात फिरेना.
हातात तेरेरेचा थर्मास, काखेत पुलाच्या हिशेबाची फाइल.
शिपाई खाली बघत म्हणाला,
बाईसाहेब, थर्मास नेऊ शकता.

दुपारी त्यांची पाटी माझ्या टेबलावर.
सोबत चिठ्ठी: काटकसरीचं धोरण म्हणून
हीच वापरावी, मागल्या बाजूनं कोरून.

काटकसर!

उलटी केली. पितळ पातळ असलं
की खोल कोरलेलं नाव मागेही जाणवतं,
उलट्या अक्षरांचा बारीकसा उंचवटा.
आमच्या धंद्यात त्याला उठाव म्हणतात.
कानस मारली की जातो.
मी कानस शोधली. खरंच शोधली.
समोरच टांगलेली होती.
मग तशीच कोरली. छिन्नी दोनदा घसरली,
पुतण्याच्या आडनावावर ओरखडा आहे,
जवळ जाऊन पाहिलंत तर.

परवा सचिवालयातून नवा कारकून आला.
पोरगेलासा, घामेजलेला.
म्हणाला, यापुढे नावाची पट्टी सरकती ठेवा,
‘इंतेरिनो’ तेवढं खोल कोरा,
ते कायम राहणार आहे.
आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं नाही.
की आलं होतं? लगबगीनं गेला.

गुरुवारी ओकाम्पोसबाई आल्या.
माझी पाटी विकत घेते, म्हणाल्या.
मी सांगितलं, ती परत दारावर गेली.
मग माझं नाव?
आहे ना. भिंतीकडे तोंड करून.

त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या.
कितीला पडली नवी पाटी?
सत्तावीस अक्षरं, मी म्हणालो, चौपन्न हजार.
मिळाले?
अजून नाही, सही कुठं करायची
ते हंगामी खजिनदारांना कळत नाहीये.

पिशवीतून त्यांनी चौकटीची वही काढली.
सरकारी नव्हे, शाळकरी, कव्हरवर पोपट.
तारीख घातली. रक्कम लिहिली. खाली रेघ मारली.
एवढ्या साऱ्या पाट्यांचं सांगाल? त्या म्हणाल्या,
मार्चपासूनच्या?
मी पत्र्यांकडे पाहिलं. नवे, चकचकीत.
मग बिलांचा गठ्ठा खाली उतरवला.

नाव? त्यांनी विचारलं, मान वर न करता.

मी अक्षर अक्षर सांगितलं.